विकणे आहे, नदीसकट

'विकणे आहे. नदीकाठी टुमदार कौलारू घर, सोबत वीस गुंठे, स्वतःचं जंगल आणि नदीत मासेमारीचा हक्क. शहराच्या गोंगाटापासून दूर.'

दलालानं छापलेला हा रंगीत कागद. जागा पन्हाळा तालुक्यातली, कासारी नदीच्या काठाची. मला ती चांगली माहीत आहे, कारण ती आमच्या वाड्याच्या खालच्या अंगाला आहे. तिच्या शेजारचा बत्तीस गुंठ्यांचा तुकडा आमचा, आणि त्यावरही त्याच दलालाचा डोळा आहे. म्हणून मित्रांनो, हे लिहितो. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. आठ तास तुटलेला धागा जोडायचा, मग उरलेल्या वेळात शब्द. त्यामुळं कुठं गाठ दिसली तर चालवून घ्या.

ह्या कागदातले शब्द मला झोपू देत नाहीत.

'नदीकाठी' म्हणे. आमच्या गावात पाण्याचीसुद्धा उतरंड होती. वरच्या अंगाला पाटलांचा पाणवठा, त्याखाली बाकी गावाचा, मग धुणी, मग जनावरं, आणि सगळ्यांच्या खाली आम्ही. अख्ख्या गावानं धुतलेलं पाणी आमच्या आज्जीच्या घागरीत. वाडा तिथं का? तर मेलेलं ढोर ओढून न्यायचं ते तिथं, वास वर जायला नको म्हणून. पूर आला की पहिलं पाणी आमच्या चुलीत. 2005, 2019, 2021. तिन्ही खेपेला आज्जीनं शाळेच्या व्हरांड्यात दिवस काढले. गावानं आम्हाला ज्या काठावर ढकललं, त्या काठाला आता 'रिव्हर व्ह्यू' म्हणतात आणि तो गुंठ्यावर विकतात. साला, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्या व्ह्यूमध्ये कुजलो!

(पाटबंधारे खातं पुराची निळी रेषा आखतं. नदी आणि निळी रेषा ह्यांच्यामध्ये बांधकाम करायचं नाही, असा नियम. आपली निळाई अशीही कामाला येते. पण ही रेषा कागदावर, आणि ते टुमदार घर जमिनीवर.)

'स्वतःचं जंगल' म्हणजे चार उंबर, करंज, पाण्यात वाकलेली वाळुंजं, दोन जांभळी आणि एक बांबूचं बेट. हे कुणी लावलं नाही, कुणी राखलं नाही. आज्जीचं सरपण तिथलं. वाड्यातल्या बायकांची आडोशाची जागा तीच. बेटाच्या पलीकडं आमची जुनी मूठमाती, माझा आजा तिथं आहे. दलालाच्या कागदात बांबू आहे, आजा नाही.

आणि 'मासेमारीचा हक्क'! हा शब्द आला कुठून? विलायतेत तशी रीत आहे. भरतीचं पाणी जिथं पोचत नाही अशा नदीच्या काठाची जमीन ज्याची, त्याचाच सहसा मधल्या धारेपर्यंत मासे धरायचा हक्क, आणि तो जमिनीपासून वेगळा काढून विकताही येतो. आपल्याकडं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 20 वाचा. नद्या, ओढे, नाले, वाहतं आणि साचलेलं पाणी, कुणाचा सिद्ध झालेला हक्क सोडला तर सगळं सरकारचं. मग दलाल विकतो काय? मरळ? वाम? आमची आज्जी अजून जुनेराच्या फडक्यानं झिंगे धरते, दगडाखालचे खेकडे हातानं काढते. तिला हक्क कुणी लिहून दिला नव्हता. आता पाण्यात दहा पावलं आत तारेचं कुंपण आलंय, आणि राखणदार तिला म्हणतो, 'म्हातारे, प्रायव्हेट हाय.'

प्रायव्हेट. खाजगी. दोस्तांनो, हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. 1927 साली महाडात आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, तेव्हा सवर्ण कोर्टात गेले. कोर्टात काय सांगितलं त्यांनी? तळं आमच्या खाजगी मालकीचं आहे! दहा वर्षं खटला. 1937 च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टानं त्यांचं अपील फेटाळलं. तळ्यावर शब्द होता विटाळ, कोर्टाची पायरी चढल्यावर त्याचा झाला खाजगी.

हे सगळं मी चुलत्याला सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'तुझं भाषण झालं? आता माझं ऐक. पोरगी नर्सिंगला हाय. फी नव्वद हजार. फायनान्सवाला दारात बसतोय. ती जमीन पुरात निम्मी वाहून जाती. काय पिकतंय तिथं, सांग की.'

मी काय सांगणार? आप्पा दुष्मन नाहीत. आणि खेडं सोडा असं तर आपणच म्हणत आलो. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे वाभाडे काढले, ते मला तोंडपाठ आहे. गावाच्या नावानं गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण बाबासाहेबांनी गावाची गुलामी सोडायला सांगितलं. जमीन फुकून मोकळं व्हा असं कधी सांगितलं? दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि 1964 ला भूमिहीनांसाठी तुरुंग भरले ते कशासाठी?

त्याच दादासाहेबांच्या नावानं 2004 पासून सरकारची योजना आहे. भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. 2018 ला बागायतीचा भाव एकरी आठ लाखांपर्यंत ठरला. म्हणजे गुंठ्याला वीस हजार. दलाल आम्हाला गुंठ्याला दीड लाख बोलतोय. आता सांगा, ह्या बाजारात सरकारला आपल्यासाठी जमीन कोण विकणार? शाहू महाराजांनी 1918 साली वतन मोडून जमिनी रयतावा केल्या, तेव्हा हा तुकडा पणजाच्या नावावर लागला. तो एकदा गेला की पुन्हा घ्यायची ऐपत आमच्या कुठल्याच पिढीला यायची नाही.

ही कासारी पुढं पंचगंगा होते आणि माझ्या गिरणीच्या बाजूला येते. तिकडं कुणी 'रिव्हर व्ह्यू' विकत नाही. काळं पाणी, जलपर्णी, आणि शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो तो वेगळाच. तिथं मासेमारीचा हक्क कुणाला हवाय? उतरंड तीच आहे, फक्त लांब झाली.

तारेच्या कुंपणाचा फोटो लावून तहसीलदाराकडं अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. वाड्यातल्या अकरा जणांच्या सह्या आहेत, तीन अंगठे, त्यांत एक आज्जीचा. आप्पांची सही नाही. बहिणीच्या फीसाठी गिरणीतल्या पतपेढीत कर्ज मागितलंय, चाळीस हजारांपर्यंत मिळेल म्हणतात. पन्नास राहतात. दलाल दिवाळीनंतर कागद घेऊन येणार आहे, आणि बत्तीस गुंठ्यांच्या त्या कागदावर माझीही सही लागते.