तिथीची पाऊणपट

लहान मुलांना घेऊन सहलीला जाणे सोपे असते. खाऊचा डबा, पाण्याची बाटली आणि एक चेंडू बरोबर घेतला की निम्मे काम झाले. खरी परीक्षा असते ती मिसरूड फुटलेल्या मुलांना आणि कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलींना नेताना. त्यांना सकाळी उठवता येत नाही, रात्री झोपवता येत नाही आणि ‘तो बघ केवढा समुद्र!’ असे म्हणून गप्पही करता येत नाही. त्यातून ती अमेरिकेत जन्मलेली असली तर? त्यांच्या दृष्टीने मुंबई म्हणजे परदेश आणि अलिबाग म्हणजे परदेशातला परदेश!

माझ्या धाकट्या दिरांची मुले अशीच. थोरला एकोणीस वर्षांचा, धाकटी सोळाची. २०२४ च्या डिसेंबरात भावजी, जाऊबाई आणि ही दोघे तीन आठवड्यांसाठी येणार होती. त्यातले चार दिवस सर्वांनी मोटारीने हिंडायचे आणि बेत वहिनींनी आखायचा, असा भावजींचा हुकूम आला. हुकमापाठोपाठ त्यांनी स्वतःच आखलेला बेतही आला. लोणावळा, महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि गोवा. चार दिवसांत! तिकडे म्हणे दिवसाला आठशे किलोमीटर सहज होतात. होत असतील. मी तो बेत वाचला आणि बाजूला ठेवला.

त्याच पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी होत्या. दिवेआगरला आमच्या सासऱ्यांची वीस गुंठ्यांची पोफळीची वाडी आहे. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे आहेत. भावजींनी लिहिले होते, ‘माझ्या वाट्याचे हक्कसोडपत्रही याच फेरीत करून टाकू. मुलांना त्याचे काय?’

आमच्या ह्यांनी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि भाजी आणायला निघून गेले. शेजारच्या बाईंना मात्र आनंद झाला. “अहो, घरबसल्या अर्धी वाडी मिळतेय, आणि तुम्ही तोंड पाडून का बसलात?” त्यांना काय सांगणार? मुलांना त्याचे काय, हे मुलांनी वाडी पाहिल्यावाचून कसे कळायचे? तेव्हा मी मनाशी ठरवले, सहलीचा शेवट दिवेआगरला करायचा. माणगाववरून सरळ गेले तर ते एका दिवसाचे काम आहे. परंतु तसे नेऊन वाडीत उभे केले असते तर मुलांना डास आणि चिखल एवढेच दिसले असते. मला त्यांना किनाऱ्याकिनाऱ्याने न्यायचे होते.

आता, किनाऱ्याने जाणाऱ्याने नकाशा नंतर उघडावा, आधी पंचांग उघडावे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, भरतीला होडी लागते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीखेरीज होत नाही. सासूबाईंनी मला शिकवलेला हिशेब असा : तिथीची पाऊणपट करावी, ती पूर्ण भरतीची वेळ, तीत सहा तास मिळवावे, ती ओहोटीची. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पण अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर हटते, पण ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी. त्यातला मधला मार्ग द्वादशीचा. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे ओहोटी दुपारी तीनला. दहापर्यंत लोळणाऱ्या मुलांनाही साधेल अशी ही तिथी! मार्गशीर्ष वद्य द्वादशी २७ डिसेंबरला येत होती. प्रस्थान ठरले.

मग कामे वाटली. मोठ्या मुलांना नुसता बेत दाखवू नये, त्यातला एक तुकडा त्यांच्या हाती द्यावा, असे माझे मत आहे. थोरल्याकडे भरती-ओहोटी आणि नकाशा दिला. धाकटीकडे पैसे, आणि शिवाय खाणावळींना फोन करून जेवण सांगणे, तेही मराठीतून. दिवेआगरकडच्या घरगुती खाणावळींत आधी माणसे कळवल्याशिवाय पान मिळत नाही. “काकू, मला फक्त समजतं, बोलता येत नाही,” हे वाक्य तिने इतक्या स्वच्छ मराठीत म्हटले की सबब तिथल्या तिथे रद्द झाली. थोरल्याने पाऊणपटीचा हिशेब फोनवरच्या तक्त्याशी ताडून पाहिला. वीस मिनिटांचा फरक निघाला. त्याने मान डोलावली, पण ती वीस मिनिटे वहीत टिपून ठेवली. अभियंता होणार आहे!

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट नेणारी बोट २०२० पासून सुरू आहे. तासाभरात समुद्र ओलांडून पलीकडे. तिची जागा आधी राखून ठेवावी. वर्षअखेरीला सगळी मुंबई त्याच बोटीत शिरते. अलिबागच्या अलीकडे नवगावला बेने इस्राएलांची जुनी दफनभूमी आहे. आपले पूर्वज गलबत फुटून याच किनाऱ्याला लागले, असे ते सांगत आले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. अलिबागेत त्यांचे प्रार्थनामंदिर आणि इस्राएल आळी हे नाव राहिले. मी हे सांगत असताना भावजी खिडकीबाहेर बघत होते.

तीन वाजता आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून कुलाब्याकडे चालत होतो. थोरला पुढे, घड्याळाकडे बघत. किल्ल्यातला सिद्धिविनायक, गोड्या पाण्याचे तळे, आंग्र्यांच्या आरमाराच्या गोष्टी, सगळे झाले. पण त्याचे लक्ष गावातल्या वेधशाळेवर. मुंबईत विजेच्या ट्रॅमगाड्या येणार, त्यांच्यामुळे चुंबकीय मोजमापे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याची वेधशाळा अलिबागेस आणली, हे ऐकून तो बेहद्द खूष झाला. रात्री पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. हिवाळ्यात अलिबागला जाऊन हे न खाणाऱ्याची मला कीव येते. धाकटीने हिशेबाच्या वहीत त्याचा खर्च ‘अत्यावश्यक’ या सदरात टाकला.

दुसऱ्या दिवशी चौल-रेवदंड्यावरून कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लई. डोंगरावर पोर्तुगिजांचा किल्ला. १७४० मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि पोर्तुगीज गेले. पण पायथ्याच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगिजीपासून झालेली बोली अजून घरोघर चालते. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. धाकटी दारात बसलेल्या एका आजींपाशी थांबली. आजी तिच्याशी मराठीत बोलल्या आणि नातवाला त्यांच्या भाषेत हाक मारून पाणी आणायला सांगितले.

मोटारीत बसल्यावर तिने मला विचारले, “काकू, त्यांच्या शाळेत ही भाषा शिकवतात?”

“शाळेत मराठी.”

“मग शिकवतं कोण?”

“घरात बोलतात,” मी म्हटले.

जाऊबाई एकदम पाण्याची बाटली शोधू लागल्या.

जंजिऱ्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे, प्यायचे पाणी बरोबर न्यावे आणि कलाल बांगडी तोफेवर चढून फोटो काढू नयेत, एवढेच सांगते. तिथून आगरदांडा, आणि खाडीपलीकडे दिघीला नेणारी फेरीबोट. किनाऱ्याच्या नव्या महामार्गासाठी इथल्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. गावकऱ्यांची सोय होईल, तेव्हा तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. पण मोटारीतून उतरून दहा मिनिटे नुसते पाण्याकडे बघत उभे राहण्याची सक्ती मला तरी आवडते.

दिवेआगरला १९९७ मध्ये एका वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा घडवून बसवला. ही कथा ऐकल्यावर थोरल्याचा पहिला प्रश्न, “आपली वाडी कुणी खणून पाहिली आहे का?”

‘आपली’ हा शब्द ह्यांनीही ऐकला. पण बोलले काही नाहीत.

सोमवारी सकाळी वाडीत गेलो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळले. आमच्या तीनशेवर पोफळींपैकी साठ-सत्तर उभ्या राहिल्या, बाकीच्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. पाऊस सरल्यावर ह्यांनी आणि वाडी बघणाऱ्या काकांनी मिळून नवी रोपे लावली. पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. ह्या चार वर्षांत ह्यांनी भावाला एका पैशाचा खर्च कळवला नव्हता. काकांनी मात्र कळवला! कोणते झाड कधी लावले, कोणते मेले, पंप कितीला बसला, सारे सारे. भावजी ऐकत उभे होते. धाकटीने वही काढली आणि निम्मा खर्च ‘बाबा देणे’ म्हणून लिहिला. थोरला दोरी घेऊन दोन ओळींतले अंतर मोजत होता.

“पहिली सुपारी केव्हा?” त्याने काकांना विचारले.

“देवाने मनात आणलं तर पुढच्या-तिसऱ्या वर्षी. तुमच्या आजोबांच्या हातचा खरा श्रीवर्धनी रोठा. तुम्ही असाल का तेव्हा?”

उत्तर कुणीच दिले नाही.

दुपारी श्रीवर्धनला निघालो. भावजींच्या पिशवीत हक्कसोडपत्राचा मसुदा होता आणि निबंधकांची कचेरी श्रीवर्धनलाच. त्या दिवशी सोमवती अमावास्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाचला. गावात शिरताना ह्यांनी मोटार हळू केली. साडेतीन वाजले होते.

“कचेरीत किती वेळ लागेल?” थोरल्याने विचारले.

“दोन तास तरी,” हे म्हणाले.

“मग हरिहरेश्वरची प्रदक्षिणा जाईल. ओहोटी माझ्याकडे आहे. वीस मिनिटं धरूनसुद्धा जाईल.”

ह्यांनी आरशातून मागे पाहिले. भावजींनी पिशवी पायाशी ठेवली आणि म्हणाले, “दादा, चल पुढे.”

प्रदक्षिणा सूर्यास्ताच्या आत झाली. दगडांवरून उतरताना भावजींनी ह्यांचा हात धरला होता, का ह्यांनी त्यांचा, ते मागून मला दिसले नाही. मसुदा भावजी आमच्याकडेच विसरून गेले. तो मी सातबाऱ्याच्या पाकिटात ठेवला आहे. पंपाच्या खर्चाचे निम्मे पैसे जानेवारीत आले. सोबत धाकटीचे पत्र होते, मराठीत, अकरा ओळींचे.