कंठातील दोन पडदे

बोलणे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते, की त्यामागे केवढा खटाटोप चाललेला असतो, याचा विचारही आपल्या मनाला शिवत नाही. आईला हाक मारावी, मित्राची थट्टा करावी, वर्गात कविता म्हणावी. मनात आले की शब्द ओठांवर उमटतात. परंतु मन आणि ओठ यांच्या मध्ये, गळ्याच्या उंचवट्याआड, एक लहानसे यंत्र राबत असते. त्याला स्वरयंत्र म्हणतात.

स्वरयंत्रात दोन मांसल पडदे समोरासमोर असतात. श्वास घेताना ते दूर होऊन हवेला वाट देतात. बोलताना ते जवळ येतात आणि फुप्फुसांतून वर येणारी हवा त्यांच्या फटीतून निसटताना त्यांना थरथरविते. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात ते सेकंदाला सुमारे 100 ते 125 वेळा, तर स्त्रीच्या बोलण्यात सुमारे 200 वेळा कंप पावतात. किती मिटावे आणि किती सैल राहावे, ही आज्ञा मेंदूकडून मज्जातंतूंच्या वाटेने येते. डाव्या बाजूच्या मज्जातंतूची वाट तर मोठी नवलाची आहे. तो गळ्यातून खाली छातीत उतरतो, तेथे महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर चढून कंठाशी पोहोचतो!

जिवंत माणसाच्या कंठातील ही हालचाल 1854 साली मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने पाहिली. दंतवैद्याचा लहानसा आरसा घशात धरून आणि दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत पाडून त्याने स्वतःचाच कंठ न्याहाळला.

पण मेंदूकडून येणारी आज्ञाच चुकीची आली तर?

बीड जिल्ह्यातील एखाद्या गावची शाळा डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास गावातील कितीतरी माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला दूर निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. आईबापांची वाट पाहणाऱ्या या मुलांना शाळेतील बाईंचा आवाज हा केवढा आधार! अशा बाईंच्या कंठाला हा विकार जडला, तर हजेरी घेताना नाव अर्धे उच्चारले जाते आणि कोणी गळा आवळावा तसा स्वर मध्येच तुटतो. मागच्या बाकांवर खसखस पिकते. गावात कोणी म्हणतो, बाई घाबरतात. कोणी म्हणतो, दृष्ट लागली. बाई हळूहळू बोलणेच कमी करतात. जे सांगायचे ते फळ्यावर लिहितात आणि फोन वाजला तरी उचलत नाहीत.

आश्चर्य असे, की त्याच बाई हसल्या तर हसू मोकळे उमटते. त्यांची कुजबुज बहुधा स्पष्ट असते. गाणे गुणगुणले तर स्वर पुष्कळदा अखंड राहतो. मग लोकांना वाटते, हे सोंग तर नव्हे? वस्तुतः हीच या विकाराची खूण आहे. लेखणी धरताच एखाद्याची बोटे आखडावीत आणि त्याच बोटांनी सुई मात्र सहज ओवावी, तसाच हा प्रकार. दोष पडद्यांत नसतो. बोलण्यासाठी मेंदूकडून निघणाऱ्या आज्ञेत असतो. बहुतेक रुग्णांत पडदे एकमेकांवर करकचून मिटतात. काहींत ते अवेळी उघडतात आणि आवाजाऐवजी नुसता वारा बाहेर पडतो.

लुडविग ट्राउबे या जर्मन वैद्याने 1871 साली या विकाराचे वर्णन केले. पुढे कितीतरी वर्षे तो मनाचाच दुबळेपणा समजला गेला आणि रुग्णांच्या वाट्याला उपचारांऐवजी उपदेश आला. आज त्याला स्पास्मोडिक डिस्फोनिया म्हणतात आणि तो मेंदूच्या कार्यातील बिघाड मानला जातो. 1984 साली न्यूयॉर्क येथील डॉक्टर अँड्र्यू ब्लिट्झर यांनी कंठाच्या स्नायूत बोट्युलिनम नावाचे द्रव्य टोचण्याचा उपाय योजिला. एरवी प्राणघातक असे हे विष! परंतु अत्यल्प मात्रेत ते आखडलेल्या स्नायूला सैल करते. त्याचा गुण साधारणतः तीन-चार महिने टिकतो. मग ते पुन्हा टोचावे लागते. विकार समूळ जात नाही, पण बोलणे पुष्कळ सुकर होते. आवाजाच्या व्यायामांचीही त्याला जोड देतात.

वैद्यांचे काम वैद्य करतील. पण एक काम ऐकणाऱ्यांकडेही उरते. शब्द पुरा होईपर्यंत थांबावे, दुसऱ्याचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये आणि ओठांवर आलेले हसू आवरावे. एवढे कोणत्याही वर्गाला साधण्याजोगे आहे. ज्या वर्गात मुले अशी शांतपणे ऐकतात, तेथे बाईंना हजेरीचा पट उघडताना भय वाटत नाही. नाव तुटक उच्चारले गेले, तरी ज्याचे त्याला ते ओळखू येते आणि तो उठून मोठ्याने म्हणतो, "हजर, बाई!"