कोरलला खडक मानवतो तेव्हा

रायपूरपासून चारशे किलोमीटरच्या आत कुठेही समुद्र नाही. तरी आमच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आणि तिच्यातले खडक मी घरीच सिमेंटचे केले आहेत. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. पण हे शहर ज्या चुनखडीवर वसलंय, ती सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रातच साचली. बलौदाबाजारकडचे सिमेंट कारखाने त्याच चुनखडीवर चालतात. सिमेंटचा खडक मात्र लगेच टाकीत घालता येत नाही, पाण्याचा पीएच चढतो. कित्येक आठवडे तो गोड्या पाण्यात भिजवायचा आणि पाणी बदलत राहायचं.

नवी कोरलं मी मे महिन्यात आणत नाही. बाहेर पारा 44 अंशांवर असतो. घरात चिलर टाकीचं पाणी 26 अंशांवर धरून ठेवतो, पण प्रवासात पिशवीतल्या पाण्याला कोण सांभाळणार? माझ्याकडची सगळी कोरलं मऊ जातीची: झोअँथिड, मश्रूम, लेदर. बहुतेक फ्रॅग, म्हणजे कोरलचे तोडलेले तुकडे, प्लग नावाच्या छोट्या चकतीवर बसवून येतात. पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखं झालं, की फ्रॅग आयोडीनच्या द्रावणात बुडवतो. त्यात दडलेले किडे बाहेर पडतात, पण त्यांची अंडी टिकतात. ती चिमट्याने खरवडून काढावी लागतात.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवेतच. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. झोअँथिड असलेला खडक स्वच्छ करायला उकळल्यामुळे वाफेतून अख्ख्या घराला विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

फ्रॅग चिकटवण्याआधी पाणी हलवणारा वेव्हमेकर पंप बंद. प्लगचा तळ टिपकागदाने कोरडा करायचा आणि त्यावर सायनोअ‍ॅक्रिलेटचं जेल लावायचं. हा फेव्हिक्विकच्याच जातीचा, पण दाट गोंद. पातळ गोंद पाण्यात पसरून जातो. जेलवर पाणी लागताच कातडी धरते आणि वरवर टेकवलेला फ्रॅग सुटून येतो. म्हणून खडकावर दाबताना प्लग जरा पिळायचा. कातडी फाटते आणि आतला ताजा गोंद खडकाला धरतो. फ्रॅग जड असेल, तर इपॉक्सी पुटी कणकेसारखी मळून घ्यायची आणि तिच्या दोन्ही अंगांना जेल लावायचं. पुटी खाचाखळगे भरते, जेल पकड देतं.

मश्रूमपुढे मात्र गोंदाचं काही चालत नाही. त्याचं अंग बुळबुळीत. त्याला वाडग्यात खडकाच्या बारीक तुकड्यांवर सोडून वर जाळी बांधतो. आठवड्या-दोन आठवड्यांत तो एखादा तुकडा आपणहून धरतो, मग तो तुकडाच चिकटवायचा. लेदरला रबरबँडने सैलसर बांधलं तरी पुरतं.

हे सगळं करताना एक गोष्ट पटली. आपला गोंद कोरलला फक्त स्थिर ठेवतो. खडक धरायचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं. झोअँथिडची चटई प्लगच्या कडेवरून खडकावर उतरली, की ते काम झालं असं समजावं. तोवर गोगलगायी आणि शंखातले खेकडे धक्के देत असतात, म्हणून जागा निवडताना त्यांची वाट टाळायची. शिवाय नवं कोरल सुरुवातीला खाली, मंद उजेडात ठेवायचं. रोज हलवलेलं कोरल मिटूनच राहतं.

या छंदात येणाऱ्यांना एक सांगणं. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. म्हणजे वाघाच्याच पंगतीला. दुकानदार आपल्या समुद्रातला ‘असली लाइव्ह रॉक’ दाखवू लागला, तर तो बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. तो घेऊ नका. मऊ कोरलचा फ्रॅग घेतानाही तो कुणाच्या टाकीत वाढला हे विचारा, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परत या.