काष्टीचं ऊन, मिरामारचा उकाडा

27 ऑक्टोबर 2024 ला गोव्यातल्या मिरामार किनाऱ्यावर मी ‘आयर्नमॅन 70.3’ ही ट्रायथलॉन पूर्ण केली. आधी समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, आणि त्यावर 21.1 किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांच्या आत. नावातला 70.3 हा आकडा एकूण मैलांचा, आपल्या हिशेबाने 113 किलोमीटर. गोव्यात ही स्पर्धा 2019 पासून होते. गावात मला सगळे अंतराबद्दल विचारतात. मी त्यांना उन्हाबद्दल सांगतो, कारण तिथे खरी झुंज उन्हाशीच होती.

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा. शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे गाव लांबवर माहीत आहे. घरी ऊस आणि गायी. पोहायला विहिरीत शिकलो, कमरेला पत्र्याचा डबा बांधून, त्यामुळे पाण्याची भीती कधीच नव्हती. श्वास राखून लांब पोहण्याची पद्धत मात्र पुण्याला जलतरण तलावावर जाऊन शिकलो. सायकलचा सराव पहाटे, दौंडच्या रस्त्याने किंवा श्रीगोंद्यावरून पेडगावपर्यंत, उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत.

आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बारा ते तीन बैलसुद्धा सावलीला बांधतात. त्यामुळे ‘तुला गोव्याचं ऊन काय करणार?’ असं जो तो म्हणायचा. पुण्यातल्या माझ्या प्रशिक्षकांनी पहिल्याच भेटीत समजावलं की कोरडं ऊन वेगळं आणि दमट उकाडा वेगळा. घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही, तो वाळला तरच होतं. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर झिरपलेलं पाणी वाळतं म्हणून. पावसाळ्यात हवा ओली असली की तोच माठ गार होत नाही. काष्टीत घाम अंगावरच वाळतो, शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. किनाऱ्यावर हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळायच्या ऐवजी ठिबकत राहतो. पाणी जातं, मीठ जातं, थंडावा मिळत नाही.

म्हणून स्पर्धेआधीचे दोन आठवडे मी ऑक्टोबरच्या उन्हात, भर दुपारी, मुद्दाम हळू धावलो. भाऊ मोटारसायकलवर पाणी घेऊन सोबत असायचा. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. त्या काळात रक्तातला द्रवाचा भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. धावण्याआधी आणि नंतर वजन करायचो. घटलेला एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम. त्यावरून तासाला किती प्यायचं ते ठरलं. नुसतं पाणीही पोटभर पिऊन चालत नाही, रक्तातलं सोडियम उतरलं तर तेही जिवावर बेततं. घरी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, स्पर्धेत क्षारांची पावडर.

सकाळी समुद्र कोमट होता. खाऱ्या पाण्यात अंग सहज तरंगतं, पण लाट तोंडावर आली की श्वास चुकतो. दर काही हातांनी मान वर काढून पुढचा बोया बघायचा आणि आपली लय सोडायची नाही, एवढंच धरून पोहलो. सायकलवर वारा लागतो, त्यामुळे घाम वाळतो आणि ताकद भरपूर आहे असं वाटतं. तिथेच हात आखडता घ्यायचा होता. बाजूने कितीजण पुढे गेले तरी मी ठरलेला वेग वाढवला नाही, आणि दर पंधरा मिनिटांनी घोट घेत राहिलो.

सायकल ठेवून धावायला निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पहिल्याच किलोमीटरला वारा पडल्यासारखं झालं. बूट आतून भिजले, पावलागणिक पचपच आवाज येऊ लागला. प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी मी थांबलो. टोपीत बर्फ, मानेवर ओला स्पंज, दोन घोट, आणि पुन्हा पाय उचलायचे. नाडी ठरवलेल्या आकड्यावर गेली की चालायचं, उतरली की पळायचं. पाय दुखणं सोसता येतं. उकाड्यात मन भलतीकडे जायला लागतं, ते सांभाळणं जास्त अवघड. मी फक्त पुढच्या टेबलापर्यंतचा विचार करत राहिलो.

शेवटच्या टप्प्यात पुढचा एक स्पर्धक झोकांड्या खाऊ लागला. नाव विचारलं तर भलतंच बोलला. स्वयंसेवकांनी त्याला सावलीत आडवं केलं, बर्फाचं पाणी ओतलं, बगलेत आणि मानेला बर्फ लावला. थोड्या वेळाने तो नीट बोलू लागला, मगच मी तिथून हललो. अंतिम रेषेवर गळ्यात पदक पडलं तेव्हा आनंद झाला, पण तो माणूस डोळ्यांपुढून जात नव्हता.

कारण आमच्या भागातली पोरं-पोरी रोज धावतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, त्या दलाच्या भरतीत 5 किलोमीटर. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले आहेत. ज्यांना या उन्हातून नोकरी मिळवायची आहे, त्यांच्यासाठी मला एवढंच सांगायचंय. उन्हाशी हिमतीची पैज लावू नका. दोन आठवडे हळूहळू सवय करा, पाण्यासोबत मीठ घ्या, एकट्याने धावू नका. सोबतचा कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर गाडी शोधत बसू नका. आधी सावलीत न्या, मिळेल त्या पाण्याने अंग थंड करा, तेवढ्यात कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या.