मिटिंग चालू आहे

परवा कपाट आवरताना एक पुठ्ठा सापडला. बुटांच्या खोक्याचं झाकण कापून केलेला, वर दोन भोकं पाडून सुतळी ओवलेली. एका बाजूला लाल खडूने ‘मिटिंग चालू आहे’ आणि दुसऱ्या बाजूला हिरव्याने ‘या’. अक्षर आमच्या चिरंजीवांचं, तेव्हा ते दुसरीत होते. टाकून द्यावा म्हणून हातात घेतला आणि तिथेच पलंगावर बसून राहिलो.

तर त्या पुठ्ठ्याची ही गोष्ट. घरच्यांना अर्धी माहीत आहेच, उरलेली अर्धी आज सांगतो.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर आम्ही पुण्याहून साताऱ्याला आईकडे आलो. बरोबर दोन-दोन जोड कपडे आणि माझा लॅपटॉप. दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न होता! बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, आई एकटीच राहत होती. आठवड्यांचे महिने झाले, आणि हिंजवडीच्या ऑफिसने परत बोलावलं तोवर आमचा पाय इथून निघेना. मग मी घरूनच करायची दुसरी नोकरी शोधली. टीम बॉस्टनला, मी साताऱ्यात. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, दुपारी तव्यावरची भाकरी ताटात पडते. मित्र म्हणायचे, मजा आहे बुवा तुझी. मलाही तसंच वाटायचं.

शेजारच्या काकूंना मात्र काळजी. “सध्या घरीच का रे?” असं मला, आणि “नोकरीचं काही झालं का हो त्याच्या?” असं हळूच आईला. आईने त्यांना दिलेलं उत्तर मी खिडकीतून ऐकलं होतं. “नोकरी आहे हो चांगली. तो घरात असतो, पण घरी नसतो.” तेव्हा मला हसू आलं होतं.

आमची रोजची मिटिंग बॉस्टनच्या सकाळी साडेनऊला. म्हणजे आपले संध्याकाळचे सात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात, की आपले आठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा सात. या टाइमझोनच्या भानगडीत प्रोग्रॅमर मंडळींचं निम्मं आयुष्य जातं. आमचा नियम सोपा आहे: वेळ साठवायची ती यूटीसीमध्ये, आणि दाखवायची ज्याला त्याला त्याच्या गावची. डेटाबेसमध्ये हा नियम मी कटाक्षाने पाळतो. घरात मात्र सगळ्यांना बॉस्टनची वेळ दाखवत होतो.

सातला आमच्याकडे कुकर लागत नसे, शिट्टी ऐकू जाते म्हणून. टीव्ही बंद. पोरगा अंगणात किंवा क्लासला. आई देवापाशी दिवा लावायची, पण घंटी वाजवत नसे. त्याचं असं झालं की सुरुवातीला एकदा कॉलवर कुणीतरी विचारलं, ही घंटा कसली? सगळे हसले, चांगल्या मनानेच हसले. पण मी ओशाळलो, आणि बाहेर येऊन आईला काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवतही नाही. दुसऱ्या दिवसापासून घंटी बंद झाली. पुठ्ठा त्यानंतर आला.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. इतक्या लांबून काम करणाऱ्या माणसाचा विसर पहिला पडतो, आणि माणसं कमी करायची वेळ आली की पहिलं नाव त्याचंच निघतं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून मी साताऱ्यात राहतच नाही अशा थाटात वागत होतो.

सप्टेंबर २०२२. पितृपंधरवडा चालू होता. बायको मुलाला क्लासवरून आणायला गेली होती. मी दार लावून, कानाला हेडफोन लावून आत. दाराला पुठ्ठा, लाल बाजू बाहेर. मिटिंग नेहमीपेक्षा लांबली. संपल्यावर पाण्याची बाटली भरायला बाहेर आलो तर मोरीचा दिवा चालू. आई खाली बसलेली, भिंतीला टेकून, डावा हात मांडीवर घेतलेला. पाय घसरला होता. वीस-पंचवीस मिनिटं ती तशीच बसली होती.

“अगं, हाक का नाही मारलीस?”

“मारली की दोनदा. मग म्हटलं, तुझी मिटिंग चालू असेल.”

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. त्याहून जास्त काही झालं नाही, डोक्याला लागलं नाही, हे नशीब. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. हेडफोनमुळे ऐकू आलं नाही अशी मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली. पण तिने तिसरी हाक मारलीच नाही, त्यात हेडफोनचा काय दोष?

मॅनेजरला मेल लिहायला तीन दिवस लागले. दोन लांबलचक मसुदे खोडले आणि शेवटी चार ओळी पाठवल्या. संध्याकाळी सातला मला घरात लागतं, मिटिंग तासभर पुढे नेता येईल का? तासाभरात उत्तर आलं. तुझ्याकडे तेव्हा किती वाजलेले असतात हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं, सोमवारपासून बदलू. बस्स, एवढंच! आणि त्यांच्या तरी कसं लक्षात यावं? कुकर, घंटी, पोरगा, सगळं मीच तर लपवून ठेवलं होतं.

आता आठला असते. हिवाळ्यात नऊला, तेव्हा पोराला झोपवायचं काम आईकडे आणि बायकोकडे जातं. पुढच्या वर्षी टीम लीड दुसरा कोणी झाला. त्याचा याच्याशी काही संबंध होता का, मी विचारलं नाही. आईचं मनगट थंडीत अजून ठणकतं. आणि अजूनही मला हाक मारायच्या आधी ती दाराशी क्षणभर थांबते, आत कुणी बोलतंय का ते ऐकते. मग हाक मारते. ती सवय मला मोडता आलेली नाही.

पुठ्ठा हातात बघून चिरंजीव धावत आले. “बाबा, टाकू नका! मला द्या, माझ्या खोलीच्या दाराला लावतो.”

दिला नाही. कारण विचारत होता, ते नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहून ठेवलं. मोठा झाल्यावर वाचेल.

असो. सात वाजले. घंटी वाजतेय, उठतो.