कॉटन ग्रीनची पुसट माणसं

मुलांनो, मुंबईच्या हार्बर लाइनच्या लोकलनं कधी गेलात, तर रे रोड आणि शिवडी यांच्या मधे एक स्टेशन लागतं. कॉटन ग्रीन. "मामा, कापूस तर पांढरा असतो. मग हा हिरवा कापूस कुठला?" माझ्या भाच्यानं एकदा भर डब्यात विचारलं. शेजारचे दोघे-तिघे हसले, पण उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

इंग्रजीत गावातल्या मोकळ्या, हिरवळीच्या मैदानाला 'ग्रीन' म्हणतात. मुंबईच्या कोटाच्या आत असं एक मैदान होतं. १८३३ साली बांधून झालेल्या टाउन हॉलच्या अगदी पुढ्यात, आज जिथं हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे तिथं. त्या मैदानावर कापसाच्या गासड्यांचे ढीगच्या ढीग उघड्यावर रचलेले असत. १८४४ साली हा घाऊक बाजार तिथून उचलून कुलाब्याला नेला. मैदान जागेवर राहिलं, नाव मात्र बाजाराबरोबर निघालं! पुढे १९२०च्या दशकात बाजार पुन्हा हलला, तो शिवडीला. तिथं तर हिरवळीचा पत्ताच नव्हता. समुद्रात भराव घालून पोर्ट ट्रस्टनं काढलेली जमीन ती. पण नाव तेच, कॉटन ग्रीन.

यांतला मधला बाजार, कुलाब्याचा, आता औषधालाही उरलेला नाही. त्याच्यासाठी पुढे कुलाब्यापर्यंत आलेली रेल्वेसुद्धा १९३० साल संपताना बंद झाली. पण या बाजाराचे फोटो आहेत. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईच्या छायाचित्रांचा एक संग्रह दर महिन्याला थोडा थोडा करून प्रसिद्ध केला. त्या कामात आपले डॉ. नारायण दाजीही होते, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी कुलाब्याच्या कापूस-मैदानाचेही फोटो काढले.

मला हे जुने फोटो बघायचं वेड आहे. त्याचं कारण आमचे आबा. आबा, म्हणजे माझे आजोबा, शिवडीच्या कॉटन ग्रीनला हमाल होते. त्यांच्या बाजाराचं मूळ घर म्हणून मी कुलाब्याच्या फोटोंकडे बघायला लागलो.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे केवढा उपद्व्याप होता! काचेवर चिकट औषध पसरायचं, ते ओलं असतानाच काच कॅमेऱ्यात घालायची, आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. छापायच्या कागदाला तर चक्क अंड्यातला पांढरा बलक लावलेला असे. आणि यातली सगळ्यांत मोठी अडचण ही, की कॅमेऱ्याचं झाकण कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात जो हलला, तो पुसट झाला. फार हलला, तर फोटोत उमटलाच नाही.

आता विचार करा. कापसाच्या बाजारात हलत कोण असणार? ढिगाला टेकून उभा राहिलेला व्यापारी स्पष्ट येतो. त्याच्या पगडीच्या घड्यासुद्धा मोजून घ्याव्यात. गासडी तर काय, दगडासारखी पडलेली, तिची प्रत्येक दोरी दिसते. आणि जो ती गासडी हलवत असेल, त्याच्या जागी नुसता धुरकट डाग. मला हे कळलं तेव्हापासून जुना फोटो हातात आला, की मी आधी डाग शोधतो.

फोटोंच्या या दिवसांनंतर थोड्याच वर्षांत मुंबईत कापसानं कहर केला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि तिथल्या गिरण्यांना मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं घ्यावा लागला. लोकांनी म्हणे गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला. लबाडीही इतकी वाढली, की कापसातली भेसळ रोखायला १८६३ साली वेगळा कायदा करावा लागला. १८६५ साली युद्ध थांबलं आणि भाव कोसळले. कालचे लखपती भिकेला लागले. इतिहासाच्या पुस्तकांत या लखपतींची नावं सापडतात. शेअरचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं नाव तर राजाबाई टॉवरला आहे. ज्यांच्या पाठीवरून तो सगळा कापूस बोटींपर्यंत गेला, त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला आजवर मिळालेलं नाही.

आबा सांगायचे, गासडी कधी उचलायची नसते, तिला फसवायची असते. आकडा नेमका कोपऱ्यात रोवायचा, एक झटका द्यायचा, की ती आपल्याच वजनानं कलंडते. आणि वजन किती? आज गासडीचं ठरलेलं वजन १७० किलो आहे. म्हणजे तुमच्यासारखी चार-पाच पोरं एकदम! पाठीवर घ्यायची वेळ आली, तर मानेखाली गोणपाटाची घडी लागायची. संध्याकाळी आबा घरी आले, की भुवयांवर, कानांत, मिशीत कापसाचे तंतू. आजी त्यांना दारातच थांबवून झाडायची. ते खोकायचेही फार. तेव्हा आम्हांला वाटायचं, म्हातारी माणसं खोकतातच.

आबांचा असा काम करतानाचा एकही फोटो नाही. आहे तो एकच, लग्नानंतर साताऱ्यात स्टुडिओत काढलेला. मागं पडद्यावर रंगवलेला तलाव, अंगात उसना कोट, हात गुडघ्यांवर. फोटोवाल्यानं "हलू नका" म्हणून दम दिला होता म्हणे. फोटो अगदी स्वच्छ आलाय. आजी मात्र तो बघून नाक मुरडायची, "हे कोण दुसरंच बसलंय! हे कधी रिकाम्या हातांनी बसलेत का?"

तुमच्या घरी असे फोटो असतील, तर मागच्या बाजूला हलक्या हातानं पेन्सिलीनं नाव आणि साल लिहून ठेवा. पेन नको, शाई पुढे उमटते. आजी-आजोबांना विचारूनच लिहा, म्हणजे चुकायचं नाही.

आबांचा आकडा अजून आमच्याकडे आहे. लोखंड गंजलंय, पण लाकडी मूठ घासून घासून इतकी गुळगुळीत झाली आहे, की हातातून निसटते. माझ्या बोटांना ती मोठीच होते.