राखेखालचे गाव, पाण्याखालचे गाव
(प्रवासाची दैनंदिनी : लेखांक शेवटचा)

नेपल्स, १८ मे

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील अठरा विद्यार्थ्यांना घेऊन निघाल्यास आज नववा दिवस. रोमचा वृत्तान्त मागील लेखांकांत आलाच आहे. आजचा दिवस रेल्वेत आणि मुक्कामाची व्यवस्था लावण्यात गेला. संध्याकाळी समुद्रकाठी उभे राहून व्हेसुव्हियसकडे पाहताना मात्र एरवी गडबड करणारी आमची मुले बराच वेळ निःशब्द होती.

पाँपेई, १९ मे

इसवी सन ७९ मध्ये ज्या पर्वताने हे नगर राखेखाली गाडले, त्याच्या छायेत आज आम्ही सहा तास हिंडलो. फरसबंद रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, पादचाऱ्यांना कोरड्या पायाने पलीकडे जाता यावे म्हणून मध्येच बसविलेले उंच चिरे, आणि रस्त्याकडे तोंड करून असलेल्या खाद्यपेयांच्या दुकानांतील, आत रांजण गळ्यापर्यंत बसविलेले ते ओटे पाहता पाहता घाटघरचा एक मुलगा एका रांजणावर ओणवा झाला आणि म्हणाला, "सर, आपला नाणेघाटातला जकातीचा रांजण याच्यापुढं केवढा मोठा!"

त्याने नकळत नेमक्या जागी बोट ठेवले होते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल ज्या नाणेघाटाने चढून जुन्नरच्या बाजारात येई, आणि ज्या घाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिने आपल्या कुळातील यज्ञांची आणि गाई, घोडे, कार्षापण यांच्या दानांची नोंद ब्राह्मी लिपीत कोरवून ठेवली, त्या घाटाचे या मुलखाशी देणेघेणे होते. दरसाल पाच कोटी सेस्टर्सी हिंदुस्थान गिळंकृत करतो, अशी फिर्याद थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. आणि तो प्लिनी याच व्हेसुव्हियसच्या उद्रेकात, याच किनाऱ्यावर मरण पावला.

परतताना एका घराच्या उंबऱ्याशी एक मुलगी मागे राहिली. तिच्या वडिलांचे मूळ घर जुन्या आंबेगावातले, म्हणजे ज्या गावाने तालुक्याला नाव दिले आणि जे स्वतः घोड नदीवरील डिंभे धरणात गेले, त्या गावातले. तिने विचारले, "सर, राखेखालचं गाव उकरून काढता येतं. पाण्याखालचं?" मला उत्तर देता आले नाही, आणि खोटे उत्तर देण्याची इच्छा झाली नाही.

नेपल्स, २० मे

संग्रहालयात १९३८ साली पाँपेईत सापडलेली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती पाहिली. उंची जेमतेम वीतभर, दोन बाजूंना दोन लहान दासी. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले; पुढे ती यक्षी असावी असे मत पडले. तेर आणि भोकरदन येथे तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती मिळाल्यामुळे ती आपल्याच दक्षिणापथातून गेली असावी, असे काही विद्वान मानतात. तळाशी कोरलेले खरोष्ठी अक्षर मात्र वायव्येकडे बोट दाखविते, म्हणून मी मुलांपुढे दोन्ही पक्ष मांडले.

परंतु उलट दिशेचा पुरावा निःसंदिग्ध आहे आणि तो आमच्या घरचा आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी काम करवून दिले. यवन म्हणजे ग्रीकच की पश्चिमेकडून आलेला कोणीही, हा वाद चालू राहील; परंतु परक्या मुलखातून आलेल्या त्या माणसांची नावे आमच्या कातळाने दोन हजार वर्षे जतन केली आहेत. मूर्तीपुढे उभा राहून मी हे सांगत असता ती मुलगी वहीत काहीतरी उतरून घेत होती. नंतर पाहिले, तिने पाँपेईतील एका घराचा नकाशा काढला होता : उंबरा, चौक, पाण्याचा हौद, चूल.

डिंभे, ६ जून

मृग अद्याप लागावयाचा आहे. ज्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे, त्याच्या ओसरलेल्या पाण्याकाठी आज आम्ही बसलो. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या गाडीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडला गेला, हे आमच्या मुलांना पाठ आहे. प्लिनीच्या तक्रारीनंतर संपत्तीचा ओघ कसा उलटला होता, हे त्यांना आज त्या पाण्याकडे पाहताना उमगले.

मुलीची आजी सोबत होती. नातीने नवी वही उघडली, आणि आजी बोटाने पाण्यावर एकेक जागा दाखवीत गेली : ही वरची आळी, हे देऊळ, हा पार, इथून नदीवर उतरायची वाट. कोणाचे घर कोणाच्या भिंतीला भिंत लावून होते, दारी कशाचे झाड होते, हे ती न अडखळता सांगत होती आणि नात लिहून घेत होती. एकाएकी थांबून तिने विचारले, "तुम्ही लांब गेला व्हता, तिथल्या मान्सांची घरं घावली का गं?"

"घावली आजी. उंबऱ्यासकट."

"मग आपला बी उंबरा लिही," आजी म्हणाली. "पूर्वेला तोंड व्हतं."